दूधभातावरचं मांजर

कोकणातल्या शाकाहारी घरांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "आमचं मांजर दूधभातावरच वाढलं." ते सांगणाऱ्याच्या मनात खोट नसते. त्याने सकाळ-संध्याकाळ वाटीत दूधभात कालवलेला असतो, मांजराने तो चाटूनपुसून संपवलेला असतो आणि ते मांजर दहा-बारा वर्षं तुकतुकीत अंगाने ओटीवर लोळलेलंही असतं. मग मांसाहाराशिवाय मांजर जगत नाही, हे कुणी सांगितलं की त्या घराला ते पटत नाही. डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारायचं?

पण त्या मांजराचा पूर्ण दिवस कुणी पाहिलेला नसतो. रत्नागिरीहून पावसमार्गे दक्षिणेला गेलं की मुचकुंदी नदी समुद्राला मिळते तिथे पूर्णगड आहे. खाडीच्या तोंडावर टेकडीवर आटोपशीर किल्ला, खाली मच्छीमारांची वस्ती, पूल ओलांडला की गावखडी आणि अलीकडे स्वामी स्वरूपानंदांचं पावस. या पट्ट्यात मासळीवर जगणारी घरं आहेत आणि उंबऱ्याच्या आत मासळी न आणणारीही आहेत. माणसांनी आपापल्या चुली वेगळ्या ठेवल्या, मांजरांना त्या कुणी नेमून दिल्या नाहीत. पडवीत दूधभात खाऊन उठलेलं मांजर पोटमाळ्यावर उंदीर धरतं, परसात सरडा आणि टोळ मारतं, भिंतीवरची पाल खातं. जाळं झाडताना एखादी तारली वाळूत राहिली तर तीही त्याचीच. दूधभात हा त्याच्या जेवणातला माणसांना दिसणारा भाग. बाकीचं ताट ते स्वतः वाढून घेत होतं.

आता त्याच घरातली पुढची पिढी रत्नागिरी शहरात, ठाण्यात, पुण्यात फ्लॅटमध्ये राहते. गावच्या मांजराचं पिल्लू हौसेने नेलं जातं. पडायला नको म्हणून खिडक्यांना जाळ्या बसतात, गाडीखाली येईल म्हणून दार बंद राहतं. ही काळजी रास्तच आहे. फक्त त्या जाळीने उंदीर, पाल, सरडा आणि तारली बाहेर ठेवली आणि आत उरला तो निव्वळ दूधभात. शाकाहारी घराने पाळीव प्राण्याला काय खाऊ घालावं, हा प्रश्न खऱ्या अर्थाने इथे सुरू होतो. कुत्र्याला मांसाशिवाय नीट वाढवता येतं, मात्र त्यासाठी अभ्यास आणि खर्च लागतो. घरात कोंडलेल्या मांजराला शाकाहारी ठेवू नये. ज्या घराला त्याच्यासाठी मासळी, कोंबडी किंवा मांस असलेलं तयार खाद्य आणणं शक्य नाही, त्या घराने मांजर पाळू नये.

हे मत कठोर वाटेल. त्यामागचं कारण मांजराच्या शरीरात आहे.

1975 साली 'सायन्स' या नियतकालिकात के. सी. हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निष्कर्ष प्रसिद्ध केला. केसिन हे प्रथिन म्हणून असलेल्या आहारावर ठेवलेल्या मांजरांच्या डोळ्यांतला दृष्टिपटल झिजत होता. केसिन म्हणजे दुधातलं मुख्य प्रथिन, पनीर ज्यापासून बनतं ते. प्रथिन भरपूर होतं, कमी होतं ते टॉरीन नावाचं द्रव्य. माणूस टॉरीन स्वतःच्या शरीरात तयार करतो, कुत्राही बहुतांशी करतो. मांजराला ते गरजेपुरतं तयार करता येत नाही आणि पित्तातून ते सतत खर्च होत राहतं. टॉरीन मिळतं ते प्राण्यांच्या स्नायूंतून, हृदयातून, मासळीतून. उंदरात ते मुबलक असतं. तांदळात, डाळीत, भाजीत जवळजवळ नसतंच आणि गाईच्या दुधात फारच थोडं असतं. दृष्टिपटल एकदा गेला की परत येत नाही. मांजर हळूहळू आंधळं होतं आणि ओळखीच्या घरात ते इतकं सराईतपणे वावरतं की मालकाच्या लक्षात यायला फार उशीर होतो.

बारा वर्षांनी, 1987 साली, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पशुवैद्यक महाविद्यालयातून पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी दुसरा धक्का दिला. हृदयाचे स्नायू सैल पडून, हृदय फुगून मांजरं मरत होती. त्यांच्या रक्तात टॉरीन कमी होतं आणि ते दिल्यावर अनेक मांजरांची हृदयं सुधारली. यातली लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की ही मांजरं दूधभातावर नव्हती, बाजारातलं तयार खाद्य खात होती. कारखान्यातल्या प्रक्रियेनंतर मांजराला मिळणारं टॉरीन कमी पडत होतं. त्यानंतर कंपन्यांनी खाद्यात टॉरीन वाढवलं आणि हा आजार झपाट्याने कमी झाला. मांस घातलेल्या खाद्यातही हिशेब चुकू शकतो, तर घरच्या भातात तो आपोआप जुळेल असं मानायला आधार नाही.

टॉरीन ही यादीतली एकच गोष्ट. गाजरातल्या, भोपळ्यातल्या बीटा-कॅरोटीनपासून माणूस 'अ' जीवनसत्त्व बनवतो, मांजराला ते जमत नाही, त्याला तयार 'अ' जीवनसत्त्वच लागतं. उन्हात बसून ते पुरेसं 'ड' जीवनसत्त्व बनवू शकत नाही. अर्जिनीन नावाचं अमिनो आम्ल एका जेवणातून पूर्ण वगळलं तरी काही तासांत त्याच्या रक्तात अमोनिया साठतो, हे 1970च्या दशकात मॉरिस आणि रॉजर्स यांनी दाखवलं. गोड चव ओळखणारं जनुक मांजराच्या कुळात निकामी झालेलं आहे, हे 2005 साली स्पष्ट झालं. जिलेबी आणि शिऱ्याचा गोडवा त्याला कळत नाही, त्याला ओढ असते ती तुपाची. लाखो वर्षं निव्वळ शिकारीवर जगलेल्या प्राण्याने जे शिकारीतून आयतं मिळत होतं ते स्वतः बनवणं सोडून दिलं. कुणा मालकाच्या श्रद्धेने किंवा प्रेमाने ती यंत्रणा परत सुरू होत नाही.

कुत्र्याची गोष्ट निराळी आहे आणि ती महाराष्ट्राला नवी नाही. कुत्र्याने पळवलेली भाकरी कोरडी खाऊ नये म्हणून तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावणाऱ्या नामदेवांची कथा इथे लहानपणीच कानावर पडते. गावचा कुत्रा पिढ्यान्‌पिढ्या माणसाच्या उरल्यासुरल्या भाकरीवर, भातावर जगला. 2013 साली स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठातल्या एरिक ॲक्सेलसन आणि सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये त्याचा जनुकीय पुरावा मांडला. पिष्ट पचवणाऱ्या अमायलेज विकराच्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यांत चारपासून तीसपर्यंत सापडल्या. माणसाच्या शेतीबरोबर, त्याच्या उकिरड्याच्या कडेने राहता राहता कुत्रा धान्य पचवायला शिकला. टॉरीन बनवणं, गाजरातून 'अ' जीवनसत्त्व मिळवणं हेही त्याला जमतं.

2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बारा सायबेरियन हस्की कुत्र्यांना सोळा आठवडे ठरावीक खाद्य दिलं गेलं, त्यात शर्यतींचा काळही होता. निम्म्यांना मांस असलेलं आणि निम्म्यांना मांसविरहित संतुलित खाद्य होतं. रक्ताच्या तपासण्यांत मांसविरहित गट मागे पडला नाही. 2022 साली अँड्र्यू नाइट आणि सहकाऱ्यांनी 2,536 कुत्र्यांच्या मालकांची पाहणी मांडली, तिच्यातही वनस्पतीजन्य खाद्यावरच्या कुत्र्यांची तब्येत वाईट दिसली नाही. ही पाहणी मालकांच्या सांगण्यावर आधारलेली होती आणि ज्याने विचारपूर्वक शाकाहारी खाद्य निवडलं त्याला आपला कुत्रा तंदुरुस्तच दिसणार, हेही ध्यानात घ्यायला हवं. तरीही पुरावा एवढा साठला की ब्रिटिश व्हेटरिनरी असोसिएशनने 2024 साली कुत्र्यांच्या मांसविरहित आहाराला असलेला आपला सरसकट विरोध मागे घेतला. पूर्ण संतुलित असेल आणि पशुवैद्याची देखरेख असेल तर तो देता येईल, अशी त्यांची भूमिका आहे. मांजरांच्या बाबतीत मात्र त्यांनी ही मोकळीक दिली नाही.

म्हणजे शाकाहारी कुटुंबाने कुत्रा पाळावा, खुशाल पाळावा. पण 'कुत्रा शाकाहारी राहू शकतो' याचा अर्थ 'कुत्र्याला आपला उरलेला वरणभात घाला' असा होत नाही, आणि महाराष्ट्रातल्या घरांत नेमकी गल्लत होते ती इथेच. पोळी आणि दूध हा पोट भरण्याचा उपाय आहे. वाढत्या पिल्लाची, गाभण कुत्रीची, लॅब्राडॉरसारख्या थोराड जातीची गरज त्याने भागत नाही. अमेरिकेतल्या खाद्यमानकांप्रमाणे प्रौढ कुत्र्याच्या खाद्यात कोरड्या वजनाच्या किमान 18 टक्के आणि मांजराच्या खाद्यात किमान 26 टक्के प्रथिन लागतं. तांदळात ते सात टक्क्यांच्या आसपास असतं. त्यात कॅल्शियम आणि फॉस्फरसचं प्रमाण बिघडलं की पिल्लाचे पाय वाकतात. ज्या घरात अंडं चालतं त्या घराचं काम पुष्कळ सोपं होतं. उकडलेलं अंडं, दही, पनीर, डाळ आणि पशुवैद्याने ठरवून दिलेली खनिज-जीवनसत्त्वांची पूड, एवढ्यावर कुत्रा चांगला राहू शकतो. अंडंही चालत नसेल तर कुत्र्यांसाठी बनवलेलं संतुलित शाकाहारी तयार खाद्य बाजारात मिळतं, तेच वापरावं. घरगुती अंदाज नको.

उलट शाकाहारी ताटातल्या काही गोष्टी कुत्र्याला थेट अपायकारक असतात. आमटीतला, भाजीतला कांदा आणि लसूण त्याच्या तांबड्या पेशी फोडतो, शिजवल्याने तो निर्धोक होत नाही. शिऱ्यातले, लाडवातले बेदाणे आणि नाशिकची द्राक्षं काही कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी करतात. गणपतीत प्रेमाने भरवलेला बेदाण्याचा लाडू दवाखान्यात नेऊन सोडू शकतो.

मांजरांसाठीही आता परदेशात वनस्पतीजन्य तयार खाद्य मिळतं आणि त्यात टॉरीन घातलेलं असतं. ते टॉरीन कारखान्यात रासायनिक पद्धतीने बनतं, त्यासाठी कुठलाच प्राणी मारावा लागत नाही. मग तत्त्वतः शाकाहारी मांजर शक्य नाही का? हा युक्तिवाद पोकळ नाही. 2023 साली नाइट यांनीच 1,369 मांजरांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यातल्या 127 मांजरांना वनस्पतीजन्य आहार मिळत होता आणि त्यांची तब्येत इतरांपेक्षा वाईट असल्याचं निष्पन्न झालं नाही. पण त्याही पाहणीत सांगणारे मालकच होते, आणि त्या मांजरांनी बाहेर काय खाल्लं याचा हिशेब कुणाला ठेवता येतो? दुसरीकडे 2004 साली अमेरिकेत दोन शाकाहारी मांजरखाद्यांची तपासणी झाली, तेव्हा दोन्हींत आवश्यक घटक कमी भरले होते. शिवाय वनस्पतीजन्य आहाराने मांजराची लघवी अल्कलीकडे झुकते, तिच्यात खडे धरतात आणि बोक्याची मूत्रनळी अरुंद असल्याने ती तुंबते. लघवी तुंबलेला बोका दोन-तीन दिवसांत दगावू शकतो. पूर्णगडसारख्या गावातून रक्ततपासणीची सोय असलेला पाळीव प्राण्यांचा दवाखाना गाठायचा म्हणजे रत्नागिरी शहर आलं. पुढेमागे हे खाद्य निर्धोक ठरेलही. ते ठरेपर्यंत प्रयोगासाठी आपलंच मांजर वापरू नये.

शाकाहारी प्राण्यांच्या कथांची माणसाला फार ओढ असते. केरळच्या कासरगोड जिल्ह्यात अनंतपुराच्या तळ्यातल्या मंदिराजवळ बबिया नावाची मगर होती. देवळातला भाताचा नैवेद्य खाऊन ती जगते, अशी श्रद्धा होती. 2022च्या ऑक्टोबरमध्ये ती गेली तेव्हा हजारो लोक दर्शनाला आले. तिने कुणा माणसाला इजा केली नाही, याचं लोकांना वाटणारं अप्रूप खरं होतं. पण ज्या तळ्यात ती दशकानुदशकं राहिली त्यात मासे होते आणि मगरीचं पचन भातासाठी घडलेलं नाही. पूर्णगडच्या पडवीतलं मांजर आणि अनंतपुराची मगर, दोघांनाही माणसाने भात दिला आणि भाताचंच श्रेय लक्षात ठेवलं.

शाकाहारी माणसाची अडचण मात्र खरी आहे आणि तिची टर उडवणं अन्यायाचं ठरेल. ज्याने जन्मभर जीवहत्या टाळली त्याला एका जिवासाठी रोज दुसरे जीव विकत घेणं जाचतं. घरात सोवळ्यातलं स्वयंपाकघर असतं, देवघर असतं, मासळीच्या वासाने जेवण न जाणारी आजी असते. सोसायटीत कुरबुर होते ती वेगळीच. यावर माणसांनी आपापल्या परीने वाटा काढलेल्या आहेत. वेगळी शेगडी आणि वेगळं भांडं मागच्या पडवीत किंवा बाल्कनीत ठेवता येतं. बंद पाकिटातल्या कोरड्या खाद्याला हात लावावा लागत नाही, वासही बेताचा येतो आणि टॉरीनचा प्रश्न सुटतो. कोकणात तर आणखी एक सोय आहे, जी पुण्या-मुंबईच्या फ्लॅटला नाही. मासळी साफ करताना डोकी, शेपट्या, पोटातला भाग असाही टाकलाच जातो. शेजारच्या मासेखाऊ घरातून तो मिळाला तर मांजरासाठी एकही जादा मासा मारला जात नाही. जीवहत्येचा हिशेब मनापासून मांडणाऱ्याने या वाट्याचा विचार करावा. पाळीव प्राण्यांच्या मांसाहाराचा पर्यावरणावर पडणारा भार हा अमेरिकेत मोठा प्रश्न आहे. तिथल्या मांसोत्पादनाच्या एकूण पर्यावरणीय भारापैकी 25 ते 30 टक्के भार कुत्र्या-मांजरांचा असल्याचा अंदाज ग्रेगरी ओकिन यांनी 2017 साली मांडला होता. किनाऱ्यावर टाकून दिलेल्या बांगड्याच्या डोक्याला तो हिशेब लागू करता येत नाही.

इथे मासेखाऊ घरांनाही दोन गोष्टी सांगायला हव्यात, कारण चूक फक्त शाकाहारी घरांत होते असं नाही. तारलीसारख्या कितीतरी माशांत कच्चेपणी थायामिनेज नावाचं विकर असतं, ते 'ब-1' जीवनसत्त्व नष्ट करतं. महिनोन्‌महिने नुसती कच्ची मासळी खाणाऱ्या मांजराची मान खाली वाकते, तोल जातो, झटके येतात. शिजवल्याने ते विकर मरतं, म्हणून डोकी-शेपट्या उकडून, काटे काढून द्याव्यात. नुसत्या तेलकट मासळीने 'ई' जीवनसत्त्वाची कमतरता होऊन अंगातली चरबी सुजते आणि मांजर हात लावला तरी ओरडतं. सुक्या मासळीत मीठ फार असतं, ती भिजवून, धुऊनच घालावी.

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. महाराष्ट्रात 1 जूनपासून यांत्रिकी नौकांना मासेमारीबंदी लागू होते, जूनजुलैत किनारा शांत होतो आणि त्यालाच लागून श्रावण येतो. मासे खाणारी घरंही मग महिनाभर, काही तर गणपती होईपर्यंत, शाकाहारी होतात. त्यांचं मांजरही त्यांच्याबरोबर व्रताला बसवलं जातं. वर्षभर बांगड्यावर वाढलेल्या मांजरापुढे अचानक वरणभात येतो. ते तोंड लावत नाही. "भूक लागली की खाईल," असं घरातलं कुणीतरी म्हणतंच. कुत्र्याच्या बाबतीत हे बहुधा खरं ठरतं. मांजराच्या बाबतीत ते धोक्याचं आहे. तीन-चार दिवस उपाशी राहिलेल्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या यकृतात चरबी साठते, कावीळ होते आणि वेळीच उपचार झाले नाहीत तर ते मरतं. माणसाचा श्रावण त्याने स्वतःहून घेतलेला असतो. मांजरासाठी मे महिन्यातच तयार खाद्याची दोन-तीन पाकिटं आणून ठेवावी आणि थोडं थोडं मिसळून सवय लावावी.

दिल्लीत चांदणी चौकातल्या जैन लाल मंदिरात पक्ष्यांचं धर्मादाय रुग्णालय आहे. जखमी कबुतरं, पोपट, चिमण्या तिथे ठेवून बऱ्या केल्या जातात. घार, ससाणा अशा मांसाहारी पक्ष्यांवर तिथे उपचार होतात, पण त्यांना दाखल करून घेतलं जात नाही, कारण त्या आवारात मांस चालत नाही. अहिंसेचा इतका काटेकोर विचार करणाऱ्या या संस्थेने घारीला डाळ-तांदळावर ठेवून पाहिलं नाही. आपला नियम आपल्यापुरता राखला आणि जिला तो लागू होत नाही तिला आपल्या पिंजऱ्यात कोंडलं नाही. शाकाहारी घराने मांजराबद्दल हीच भूमिका घेतली तर त्याच्या तत्त्वालाही बाध येत नाही आणि मांजरालाही.

कायद्याचा आधार इथे तोकडा आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा 1960 सालचा कायदा मालकाने पुरेसं अन्न, पाणी आणि निवारा न देणं हा गुन्हा मानतो, पण पहिल्या गुन्ह्याला दंड दहा ते पन्नास रुपये आहे. शिवाय भरल्या वाटीपुढे आंधळं होत जाणारं मांजर त्या 'पुरेसं' या शब्दात कसं बसवायचं, हा प्रश्न उरतोच. इंग्लंडच्या 2006च्या प्राणीकल्याण कायद्यात योग्य आहार ही प्राण्याची गरज म्हणून नोंदलेली आहे. तशी दुरुस्ती इथेही व्हायला हवी.

ज्यांना घरात जीव हवा आहे आणि मांस अजिबात नको आहे, त्यांच्यासाठी ससा आहे, गिनीपिग आहे, आणि कोकणातल्या घराला वाडा-गोठा असेल तर गाय-वासरू आहेच. सशाला गवत आणि पाला लागतो, त्याचा आहार शाकाहारी घराशी सहज जुळतो. पोपट मात्र नको. पिंजऱ्यातला देशी पोपट शाकाहारी असला तरी वन्यजीव संरक्षण कायद्याने तो पाळणं गुन्हा आहे.

मांजरांची पिल्लं दत्तक देणारे लोक आणि संस्था आता रत्नागिरीपासून मुंबईपर्यंत आहेत. घर स्वतःचं आहे का, खिडक्यांना जाळी आहे का, नसबंदी कराल का, असे प्रश्न त्यांतले पुष्कळ जण आवर्जून विचारतात. त्यांत आणखी एका प्रश्नाची भर पडली पाहिजे: तुमच्या घरात मासे, कोंबडी किंवा मांस असलेलं मांजरखाद्य चालतं का? उत्तर 'नाही' असेल तर पिल्लू देऊ नये, आणि त्या घरानेही राग मानू नये.